‘पाच’ म्हणजे पाच लिटर नव्हे

सीओपीडी या जुनाट फुप्फुसविकाराच्या रुग्णांसाठी उपकरणे विकणारे दुकानदार तुलनेचे तक्ते वाटतात. नागपुरात आमच्या पाहण्यात आलेल्या अशा एका तक्त्यात सिलिंडर, घरगुती कॉन्सन्ट्रेटर, खांद्याला अडकवायचा छोटा कॉन्सन्ट्रेटर आणि बायपॅप एकाखाली एक मांडले आहेत. रकाने किंमत, वजन आणि ‘क्षमता’ यांचे. तक्ता सुबक आहे; तुलना मात्र फसलेली आहे.

बायपॅप ऑक्सिजन तयार करीत नाही. तो खोलीतलीच हवा श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाबाने देतो. थकलेल्या स्नायूंचा भार हलका होतो व साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हे काम कॉन्सन्ट्रेटरचे नव्हे. उलट, असा वायू साचणाऱ्या रुग्णाला वाजवीपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर साठा वाढू शकतो. म्हणून त्याची ऑक्सिजन-संपृक्तता ८८ ते ९२ टक्के राखतात. या दोहोंत सरस कोण, हा प्रश्न पंप सरस की गाळणी, असे विचारण्यासारखाच. अशाच रुग्णांवरील ब्रिटनमधील चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नुसत्या घरगुती ऑक्सिजनवर असलेल्यांपैकी निम्म्यांवर पुन्हा रुग्णालयात जाण्याची किंवा मृत्यूची वेळ १.४ महिन्यांत आली; जोडीला असे दाबयंत्र असलेल्यांत ४.३ महिन्यांत.

आता ‘क्षमता ५’. घरगुती यंत्रावर याचा अर्थ मिनिटाला ५ लिटर, अखंड. छोट्या यंत्रावर तो नुसता बटणाचा क्रमांक! ते श्वासाच्या आरंभी एक झोत सोडते आणि अशा अनेक यंत्रांची एकूण निर्मिती मिनिटाला लिटरभराच्या आसपासच असते. उच्छ्वासात वाया जाणारा ऑक्सिजन वाचतो हे खरे. पण झोपेत तोंडाने घेतलेला श्वास यंत्राला कळेलच असे नाही.

सिलिंडरचे गणित वर्गात करून घेण्याजोगे आहे. ‘बी’ सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर वायू. मिनिटाला २ लिटर दराने तो साडेबारा तास पुरतो. १९८१ च्या ब्रिटिश चाचणीत आयुष्य वाढलेले दिसले ते रोज किमान १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्यांत. म्हणजे रोज एक सिलिंडरही अपुरा. ३५० वॅटचा कॉन्सन्ट्रेटर तेवढ्याच वेळात सव्वापाच युनिट वीज घेतो.

तक्ता नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल गप्प आहे. बहुतेक यंत्रे ४० अंशांपर्यंत चालवायची. येथे मे महिन्यात पारा ४५ गाठतो. मग खोलीत कूलर लागतो. यंत्रातील झिओलाइट नायट्रोजन शोषून घेते, पण पाण्याची वाफ त्याला अधिक प्रिय. कूलरच्या ओल्या झोतात ठेवलेले यंत्र हळूहळू निकामी होते. बाहेर वारा तितकाच येतो, ऑक्सिजन घटतो. एप्रिल २०२१ मध्ये विशाखापट्टणमहून रेल्वेने टँकर नागपुरात आले, त्या टंचाईत घाईने घेतलेली यंत्रे आता घरातल्या वृद्धांना लावताना आधी ही टक्केवारी मोजून घ्यावी. चांगले यंत्र ९० ते ९६ टक्के देते. तक्त्यात हा रकानाच नाही.