शस्त्रसंवर्धन व प्राधान्यविवेक : ‘एल्डन रिंग’ या खेळाचा विचार

१

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाप्रधान खेळांची समीक्षा करावयाची म्हणजे त्यांचे कथानक सांगावयाचे व त्यांतील चित्रसृष्टीचे वर्णन करावयाचे, असा एक समज रूढ होऊ पाहत आहे. खेळातील आकडेमोड, विशेषतः शस्त्रे वाढविण्याची पद्धती, ही या समजानुसार समीक्षेच्या बाहेर पडते. ती हिशेबाची बाब मानली जाते. तिचे उत्तर बरोबर किंवा चूक असते, सरस किंवा नीरस नसते. कोणते शस्त्र आधी वाढवावे या प्रश्नाचे उत्तर अनुभवी खेळाडूने द्यावे, समीक्षकाने त्यात पडू नये, असा या भूमिकेचा मथितार्थ आहे.

ही भूमिका टिकण्यासारखी नाही, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे. त्यासाठी ‘फ्रॉम सॉफ्टवेअर’ या जपानी संस्थेने निर्माण केलेला व २५ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रसिद्ध झालेला ‘एल्डन रिंग’ हा खेळ उदाहरणादाखल घेतला आहे. या खेळात शस्त्रांची संख्या मोठी आणि ती वाढविण्याचे साहित्य, निदान पूर्वार्धात, तुटपुंजे आहे. त्यामुळे प्राधान्याचा प्रश्न टाळता येत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे : या खेळाचा आशय त्याच्या कथेत जितका आहे तितकाच, किंबहुना काही ठिकाणी अधिक, या प्राधान्याच्या नियमांत आहे, आणि जेथे हे नियम सैल पडतात तेथे कलाकृतीही सैल पडते.

२

प्रथम या पद्धतीची लिपी पाहू. खेळाच्या सुरुवातीस हाती येणारी साधी तरवार नुसती ‘लाँगसोर्ड’ असते. लोहाराने तिच्यावर एकदा काम केले की ती ‘लाँगसोर्ड +१’ होते आणि अखेरीस ‘लाँगसोर्ड +२५’ या रूपास पोहोचते. हे चिन्ह जुने आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात ते फाशाच्या दानात मिळवावयाच्या अंकाचे निदर्शक होते. आता फासा गेला आणि चिन्ह उरले. भाषेत एखादा स्वतंत्र शब्द झिजून प्रत्यय व्हावा, तसाच हा प्रकार होय.

या चिन्हाला आम्ही प्रत्यय म्हणतो ते केवळ उपमेदाखल नव्हे. न वाढविलेल्या शस्त्रापुढे ‘+०’ लिहिलेले नसते. श्रेणी असते, परंतु तिचे चिन्ह नसते. म्हणजे येथे शून्य प्रत्यय मानावा लागतो. त्याच शस्त्रास विशिष्ट प्रवृत्ती दिली असता नामाच्या मागे दुसरे पद लागते, जसे, ‘हेवी लाँगसोर्ड +५’ किंवा ‘कीन लाँगसोर्ड +५’. पहिल्यात शस्त्र खेळाडूच्या बळाकडे झुकते, दुसऱ्यात हस्तकौशल्याकडे. प्रकृती मध्ये, उपसर्ग आधी, प्रत्यय नंतर, अशी ही रचना आहे.

परंतु ज्या ठिकाणी ही रचना भाषेहून निराळी होते, तेच ठिकाण महत्त्वाचे आहे. भाषेत उपसर्गाने घडलेला शब्द कोशात स्थिर होतो. ‘प्रहार’ हा ‘प्रहार’च राहतो. प्रत्यय मात्र वाक्यागणिक बदलतो. ‘प्रहाराने’, ‘प्रहारास’, ‘प्रहारात’ ही रूपे येतात व जातात. ‘एल्डन रिंग’मध्ये याच्या नेमके उलट आहे. योग्य साधने मिळाल्यावर उपसर्ग कोणत्याही विश्रांतिस्थानी, काहीही मोल न देता बदलता येतो. प्रत्यय मात्र एकदा लागला की उतरत नाही. त्यासाठी वेचलेले दगड परत मिळत नाहीत, आणि ते दुसऱ्या शस्त्राकडे वळविताही येत नाहीत. जे चंचल असावे ते येथे अचल आहे. प्राधान्याच्या प्रश्नाला वजन येते ते यामुळे.

आणखी एक चिन्हव्यवस्था येथे नोंदविली पाहिजे. खेळाडूच्या गुणांचा शस्त्राला किती लाभ होतो हे रोमन अक्षरांनी दाखविले जाते : सर्वांत खाली ‘ई’, नंतर चढत्या क्रमाने ‘डी’, ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि सर्वांवर ‘एस’. शेवटच्या अक्षराने वर्णक्रम मोडला आहे, हे उघडच दिसते. पण खरी मौज निराळी आहे. प्रत्येक अक्षराखाली मूल्यांचा एक पट्टा दडलेला असतो. शस्त्र अनेक श्रेणी चढते, त्याचा लाभांक वाढत जातो, तरी अक्षर ‘सी’च राहते, आणि मग एका पायरीवर ते एकाएकी ‘बी’ होते. ध्वनींच्या अखंड प्रवाहावर स्वनिमांची मोजकी घरे आखावीत, तसे हे आहे. जो खेळाडू केवळ अक्षर पाहून निवड करतो तो स्वनिम ऐकतो, ध्वनी ऐकत नाही. आधी कोणते शस्त्र वाढवावे याविषयीच्या पुष्कळ गैरसमजुतींचा उगम येथे आहे.

३

आता हिशेब पाहू. कारण तो टाळून काढलेला निष्कर्ष विश्वासार्ह ठरणार नाही. साध्या शस्त्रांस साधे घडणीचे दगड लागतात. त्यांचे आठ दर्जे असून प्रत्येक दर्जा तीन श्रेणींस पुरतो. त्या तीन श्रेणींस अनुक्रमे २, ४ व ६ दगड पडतात. म्हणजे दर दर्जास १२ व आठ दर्जांस मिळून ९६ दगड झाले. यांवर पंचविसाव्या श्रेणीसाठी प्राचीन ड्रॅगनचा एक दुर्मीळ दगड लागतो. एका शस्त्राची एकूण किंमत ९७ दगड. याउलट ‘सॉम्बर’ जातीचे दगड ज्यांना लागतात अशा विशेष शस्त्रांच्या श्रेणी दहाच असून प्रत्येकीस एकच दगड पुरतो. दोन्ही जातींच्या पुष्कळ शस्त्रांत मूळ मारकशक्तीची अखेरपर्यंतची वाढ मात्र जवळजवळ सारखी, म्हणजे सुमारे अडीचपट असते. लाँगसोर्डची मूळ मारकशक्ती ११० आहे. पंचविसाव्या श्रेणीस ती २६९ होते.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली अशी की, आरंभी शस्त्राची श्रेणी गुणांच्या आधी वाढवावी. लाँगसोर्डची एक श्रेणी म्हणजे मूळ शक्तीत सुमारे सहा अंकांची भर. सुरुवातीच्या काळात बळाचा एक गुण वाढविल्याने पडणारी भर मात्र एखाद्या अंकाची असते. गुणांचा लाभ शस्त्राच्या लाभांकाने गुणून मिळतो आणि तो लाभांकही श्रेणीबरोबरच वाढतो. तेव्हा आधी गुण्य मोठे करावे व मग गुणकाकडे वळावे, हे सरळ आहे. दगडांचा वाढता दर्जा हाती येईपर्यंत थांबणे भाग पडले, म्हणजे मग गुणांची पाळी येते.

दुसरी गोष्ट, दगड दोन शस्त्रांत विभागू नयेत. शत्रूच्या संरक्षणाशी तुलना करता मारकशक्ती कमी असेल तर तिचा फार मोठा भाग वाया जातो. ती पुरेशी वर गेली म्हणजे हा अपव्यय झपाट्याने घटतो. दोन अर्धवट शस्त्रे मिळून एक पुरे शस्त्र होत नाही. एकाच आघातात शारीरिक व जादूची अशी दुहेरी शक्ती असणाऱ्या शस्त्रांसही हाच न्याय लागतो, कारण प्रत्येक शक्तीला स्वतंत्र संरक्षण भेदावे लागते.

तिसरी गोष्ट, एक साधे व एक सॉम्बर जातीचे शस्त्र एकाच वेळी वाढविण्यास प्रत्यवाय नाही. त्यांचे दगड निराळे असल्याने तेथे स्पर्धा दगडांची नसून ‘रून्स’ या चलनाची आहे. आणि ते चलन लोहारालाही द्यावे लागते, गुणांसाठीही खर्चावे लागते.

येथवरचे विवेचन कोणताही जाणता खेळाडू मान्य करील. परंतु या हिशेबात एक आकडा असा आहे की जो हिशेबात बसत नाही. चोविसाव्या श्रेणीस लाँगसोर्डची शक्ती २६३ असते. म्हणजे खेळातील एक दुर्मीळ दगड खर्चून पदरात पडते ती सहा अंकांची, शेकडा अडीचहूनही कमी वाढ. निव्वळ उपयुक्ततेच्या दृष्टीने ही श्रेणी सर्वांत शेवटी ठेवावी, किंबहुना सोडूनच द्यावी. तरीही खेळाडू ती घेतात. का घेतात, याचे उत्तर अंकगणितात नाही.

४

ते उत्तर लोहारापाशी आहे. ‘राउंडटेबल होल्ड’ या आश्रयस्थानी ऐरणीशी ह्यूग नावाचा कारागीर बसलेला असतो. तो बंदिवान आहे, त्याला साखळदंड आहेत. राणी मारिकाने त्याच्यावर एक काम सोपविले आहे : देवाचा वध करू शकेल असे शस्त्र घडविण्याचे. खेळाडू दगड घेऊन येतो तो आपल्या सोयीसाठी, पण प्रत्येक घणाबरोबर ह्यूगच्या त्या कामाची एकेक पायरी चढली जात असते. पुढे हे आश्रयस्थान आगीच्या भक्ष्यस्थानी पडू लागते, ह्यूगची स्मृती ओसरू लागते, समोर कोण उभे आहे हेही त्याला उमगेनासे होते. तरी त्याचा हात थांबत नाही. शस्त्र अखेरच्या श्रेणीस पोहोचले म्हणजेच त्याचे काम सिद्धीस जाते.

अडीच टक्क्यांची ती वाढ म्हणजे एका बंदिवानाच्या कार्याची समाप्ती होय. नियम व कथा येथे दोन निराळ्या वस्तू राहत नाहीत. कथा वगळून केवळ कोष्टक वाचणाऱ्यास ही श्रेणी निरर्थक वाटेल. कोष्टक वगळून केवळ कथा वाचणाऱ्यास ह्यूग हा एक करुण गौण पात्र एवढाच वाटेल. त्याच्या कारुण्याला ९७ दगडांचा शोध व अनेक तासांचे श्रम यांचे मोल आहे, हे त्याला कळणार नाही. ज्याने आपले सर्व साहित्य एकाच शस्त्रावर लावले, त्यालाच ही समाप्ती लवकर व पुरेपूर लाभते. हिशेबाने जे प्राधान्य सांगितले, तेच कथेनेही मागितले आहे. प्रस्तुत खेळाचे हे सर्वोत्तम स्थळ आहे, असे आम्हांस वाटते.

याला पूरक असे आणखी एक वैधर्म्य आहे. ‘लार्व्हल टिअर’ ही वस्तू रेनाला राणीस दिल्यास खेळाडूला आपल्या गुणांची वाटणी पुन्हा पहिल्यापासून करता येते. बलवान योद्धा क्षणात मांत्रिक होतो. म्हणजे या जगात माणसाचा पुनर्जन्म शक्य आहे, शस्त्राचा नाही. इतर खेळाडूंशी गाठ घालून देतानाही हा खेळ पात्राची पातळी पाहतो, तसेच त्याच्या हाती आजवर आलेल्या सर्वांत वाढीव शस्त्राची श्रेणीही पाहतो. ते शस्त्र टाकून दिले तरी खेळ ते विसरत नाही. आपण काय झालो ते पुसता येते. आपण काय घडविले ते पुसता येत नाही. हा विचार खेळात कोणी बोलून दाखवीत नाही. तो नियमांतून उमटतो.

५

येथवर गुणांचे विवेचन झाले. आता दोषांकडे वळले पाहिजे. पहिला दोष कार्पण्याचा आहे. शेकडो शस्त्रे निर्माण करून ठेवावयाची आणि नियम मात्र असे करावयाचे की शहाण्या खेळाडूने त्यांतील एक-दोनच हाती धरावीत, ही विसंगती आहे. प्रत्येक शस्त्राची चाल, त्याचा वेग, त्याचा पल्ला निराळा असतो. परंतु मध्यावर सापडलेले नवे शस्त्र शून्य श्रेणीचे असल्याने त्याची खरी पारख होण्यापूर्वीच ते बाजूस पडते. संपन्न शब्दसंग्रह द्यावा आणि वाक्य मात्र एकच बोलू द्यावे, असे हे झाले.

दुसरा दोष याच्या उलट टोकाचा आहे. खाणींत व अन्यत्र मिळणाऱ्या ‘बेल बेअरिंग’ नावाच्या वस्तू आश्रयस्थानातील विक्रेतीस दिल्या असता आठही दर्जांचे साधे दगड हवे तितके विकत मिळू लागतात. पहिली वस्तू रायालुकारिया क्रिस्टल टनेल या खाणीत लौकरच मिळू शकते. शेवटची क्रंबलिंग फॅरम अझुला येथे, खेळ संपत आला असता मिळते. पहिल्या दोषावरचा हा उतारा आहे हे खरे, पण तो उशिराने लागू पडतो, आणि लागू पडताच निवडीचा प्रश्नच नाहीसा करतो. टंचाई असेपर्यंत निवडीला अर्थ होता; विपुलता आली आणि उरली ती केवळ खरेदी. मूल्य भेदातून निर्माण होते हे सोस्यूरचे तत्त्व येथेही खरे ठरते : सर्वच शस्त्रे वाढविता येऊ लागली की वाढविलेल्या शस्त्राचे वेगळेपण संपते.

कर्त्यांनाही ही अडचण जाणवली असावी, असे अनुमान २१ जून २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ या पुरवणी-भागावरून निघते. तेथे खेळाडू बहुधा पूर्ण वाढविलेले शस्त्र घेऊनच प्रवेश करतो. म्हणून तेथे ‘स्काडुट्री’ वृक्षाच्या ५० तुकड्यांनी वाढणारी, २० पायऱ्यांची एक निराळीच श्रेणी योजिली आहे. ती शस्त्राला नव्हे, खेळाडूला लागते व त्या भूमीपुरतीच टिकते. त्यामुळे कोणतेही शस्त्र उचलले तरी वाढ सारखीच लाभते आणि कार्पण्याचा दोष सौम्य होतो. पण त्याबरोबर प्राधान्याचा विवेकही जातो : तुकडे कोणाला द्यावयाचे हा प्रश्न राहत नाही, ते कोठे सापडतील एवढाच राहतो. निवडीची जागा शोधाने घेतली आहे. शोधात आनंद आहे. परंतु उत्तरदायित्व निवडीत असते.

६

सारांश, शस्त्रे कोणत्या क्रमाने वाढवावीत या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर सोपे आहे : आधी शस्त्र, मग गुण, एक साधे व एक सॉम्बर जातीचे, प्रवृत्ती हवी तेव्हा बदलावी, श्रेणी मात्र विचारपूर्वक चढवावी. परंतु समीक्षेचा विषय हे उत्तर नसून त्यामागची अपरिवर्तनीयता हा आहे. कलाकृती आपल्याकडून काय मागते, आणि जे दिले ते परत देते की नाही, यावर तिचे गांभीर्य पुष्कळसे अवलंबून असते. ‘एल्डन रिंग’ आपल्या पूर्वार्धात मागतो व परत देत नाही; म्हणून तेथे प्रत्येक दगडाला अर्थ आहे. उत्तरार्धात तो दुकान उघडतो, आणि अर्थ पातळ होतो.

पदव्युत्तर वर्गांत या खेळांचा अभ्यास व्हावयाचा असेल, तर विद्यार्थ्यांनी त्यांची कोष्टके गद्याइतक्याच काळजीने वाचावीत. वृत्तविचार वगळून कवितेचे परीक्षण पुरे होत नाही. नियमविचार वगळून खेळाचेही होणार नाही.