रस्किनचा न वाचलेला परिच्छेद

मंडळी, आज जॉन रस्किनचं ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ घेऊ या. पुस्तक १८४९ सालचं. त्यातलं सहावं प्रकरण स्मृतीच्या दीपाविषयी आहे. जुन्या वास्तूंची चर्चा निघाली की या प्रकरणातलं एक मत हमखास ऐकू येतं. इमारतीला पुन्हा मूळ रूप देणं, म्हणजे रेस्टोरेशन, हा खोटेपणा आहे. ज्या कारागिराने दगड घडवला तो गेला, त्याच्याबरोबर त्याचा हातही गेला. मेलेला माणूस उठत नाही, तशी इमारतही उठत नाही.

मत जोरदार आहे, पण मला ते पुरतं पटलेलं नाही. याच प्रकरणात रस्किन म्हणतो की वास्तूचं मोठं वैभव तिच्या वयात असतं. ठीक आहे. मग नंतर जोडलेल्या भागाला वय चढत नाही का? नोत्र दामचं उदाहरण बघा. मध्ययुगीन सुळका अठराव्या शतकातच उतरवला होता. २०१९ च्या आगीत कोसळला तो व्हिओले-ल-द्युकने १८५९ मध्ये नव्याने उभारलेला. हा गृहस्थ रस्किनच्या अगदी उलट टोकाचा. इमारतीला असं पूर्णत्व द्यावं, जे पूर्वी कधी नव्हतंच, तरी हरकत नाही, असं म्हणणारा! रस्किनच्या हिशेबाने त्या दिवशी एक खोटी वस्तू जळाली. पण रस्त्यावर उभे राहून लोक रडत होते ते काही खोट्यासाठी नव्हे. १६० वर्षांत तो सुळका पॅरिसचा झाला होता. पुढे तो त्याच रूपात परत उभा केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडलं.

म्हणजे रस्किनचा गाजलेला भाग कच्चा आहे. पक्का भाग त्याच्या लगेच पुढे आहे, आणि तो फारसं कोणी वाचत नाही. तिथे तो साध्या कामांबद्दल बोलतो. छपरावर वेळेवर शिशाचे चार पत्रे घाला, पन्हळीत अडकलेली पानं-काटक्या काढा, भिंत कलली तर टेकू द्या. टेकू दिसायला वाईट दिसला तरी चालेल. वेळच्या वेळी निगा राखा, म्हणजे रेस्टोरेशनची पाळीच येणार नाही.

आपल्या कोकणात याला शब्द आहे, शाकारणी. पावसाआधी छपरावर चढायचं, फुटकी कौलं बदलायची, कुजलेली रीप काढायची. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही थीसियसचं जहाज शिकवतो. एकेक फळी बदलत गेलं तर जहाज तेच राहतं का? मुलांना फार आवडतो हा प्रश्न. शाकारणी करणाऱ्या माणसाला तो कधी पडत नाही. घर त्याचंच असतं, कारण तो दरवर्षी वर चढतो. प्लुटार्कच्या गोष्टीतही अथेन्सची माणसं फळ्या बदलत होती म्हणून तर पुढे वाद घालायला जहाज उरलं.

आपल्याला मात्र जीर्णोद्धार आवडतो. शब्दच पाहा, उद्धार करायचा तर आधी जीर्ण व्हावं लागतं! जीर्णोद्धाराची कोनशिला बसते. पन्हळ साफ केल्याची कोनशिला मी सत्तरी ओलांडली तरी कुठे पाहिली नाही. आणि उद्धार करतात तो कशाने, तर सिमेंटने. चुन्यात बांधलेली वाड्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षारांचे स्फटिक होतात, विटांचे पोपडे सुटतात. वरून भिंत नवीकोरी दिसते आणि आतून तिचा भुगा होत असतो. हा खोटेपणा रस्किनच्या खोटेपणापेक्षा वाईट, कारण यात वस्तूच जाते.

आता रस्किनविरुद्धची माझी खरी तक्रार. तो म्हणतो, वास्तू आपली नाही. ज्यांनी बांधली त्यांची आहे आणि जे पुढे येतील त्यांची. बरं, आज तिथे राहणाऱ्याचं काय? काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, आताची एस्प्लनेड मॅन्शन, घ्या. ओतीव लोखंडाचा सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडहून सुट्या भागांत आणून जोडलेला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चित्रं भारतात प्रथम दाखवली गेली ती इथेच. २००५ मध्ये इमारतीचा एक भाग कोसळला, २०१९ मध्ये ती रिकामी केली. मुंबईच्या अशा कितीतरी इमारतींत १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी १९४० च्या आसपासच्या पातळीवर गोठली. त्या भाड्यात छप्पर सोडा, पन्हळही दुरुस्त होत नाही. मालक खर्च करत नाही, भाडेकरूला परवडत नाही, आणि दोघांनाही नुसतं दोषी धरून भागत नाही.

रस्किनचा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे, पण ती पानं काढायला छपरावर चढायचं कोणी आणि मजुरी द्यायची कोणी, यावर हे प्रकरण गप्प आहे. इथे थांबतो. प्रश्न घेऊ, आणि शक्यतो भाडेकायद्यापासून सुरुवात करा.