संप आणि साचेखाते

पन्हाळ्यात वर्गावर गिरणीसंपाची कविता शिकवताना एक प्रश्न मला छळतो : तिच्यातला ‘आम्ही’ कोण? मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचे साचेखाते अस्पृश्यांना बंद होते. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! तरीही संपाला गुन्हा ठरविणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेब कम्युनिस्टांसह संपात उतरले. संप म्हणजे फार तर करारभंग. त्याला शिक्षा म्हणजे मजुराची गुलामी, हा त्यांचा युक्तिवाद. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने चौदा दिवसांच्या पूर्वसूचनेची अट सर्वच उद्योगांना लावली. तो युक्तिवाद म्हणूनच पुन्हा हाती घेतला पाहिजे. पण साचेखात्याचे बंद दार ज्या कवितेला दिसत नाही, तिचा ‘आम्ही’ अर्धाच आहे. समीक्षेने हे निर्भीडपणे सांगावे.