राजाचे घड्याळ आणि बारामतीची दुपार

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक टेबल-घड्याळ आहे. टॉमस टॉम्पियन (१६३९-१७१३) या घड्याळजीने ते १६९० च्या सुमारास तिसऱ्या विल्यम राजासाठी बनवले. 'मॉस्टिन टॉम्पियन' या नावाने ते ओळखले जाते. आबनुसाची पेटी, चांदीचे नक्षीकाम, माथ्यावर ब्रिटानियाची मूर्ती! एकदा चावी दिली की ते वर्षभर चालते. कारागिरीचा कळस म्हणून त्याचे कौतुक होते. हे कौतुक नेमके कशाचे करावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम गुण पाहू. पूर्ण गुंडाळलेली कमान जोरात ओढते, उलगडत गेली की तिचा जोर कमी होतो. यावर उपाय म्हणून अशा घड्याळांत शंकूच्या आकाराची कप्पी असते. जोर जास्त असताना ओढ कप्पीच्या लहान त्रिज्येवर पडते, जोर घटला की मोठ्या त्रिज्येवर. चक्रांना मिळणारे बळ त्यामुळे जवळजवळ सारखे राहते. तरफेचे तत्त्व इतक्या सुबकपणे वापरलेले क्वचितच दिसते. घर्षणावर मात करून एका चावीत वर्ष काढणे हाही मोठाच पराक्रम आहे.

आता मर्यादा. त्या काळच्या टेबल-घड्याळांत आखूड लंबक आणि 'व्हर्ज' ही जुनी रचना असे. तिच्यात चक्राचे दाते लंबकाला मोकळे झुलू देत नाहीत. वेळ दिवसाला काही मिनिटे चुकू शकते. मात्र घड्याळ थोडे कलते ठेवले तरी चालते. एका खोलीतून दुसरीकडे नेण्याच्या वस्तूला हीच रचना सोयीची होती.

हेच घड्याळ लंडनमध्ये बरोबर लावून बारामतीला आणले तर? येथील गुरुत्वत्वरण लंडनपेक्षा सुमारे ०.२८ टक्के कमी आहे. आंदोलनकाल त्याच्या निम्म्याने, म्हणजे ०.१४ टक्के वाढेल. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत घड्याळ सुमारे दोन मिनिटे मागे पडेल, महिन्याला एक तास! उपाय सोपा आहे: २५ सेंमी लांबीचा लंबक असेल तर तो ०.७ मिमी आखूड करावा. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलज्ञ रिशे यांना विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे हाच अनुभव आला होता.

दोन मिनिटे किरकोळ वाटतील. पण बारामती आणि इंदापूर यांच्या रेखांशांत सुमारे ०.४५ अंशाचा फरक आहे. अंशाला चार मिनिटे धरली तर इंदापूरची खरी दुपार बारामतीच्या सुमारे १ मिनिट ४८ सेकंद आधी होते. राजाच्या घड्याळाच्या रोजच्या चुकीत हा सारा फरक बुडून जाईल.

टॉम्पियनला अचूकता साधत नव्हती असे नाही. १६७६ मध्ये ग्रीनिच वेधशाळेसाठी त्यानेच सुमारे चार मीटर लांब लंबकाची घड्याळे बनवली. तीही वर्षभर चालत. त्यांना सजावटीची गरज नव्हती. आमच्या मते त्याची खरी थोरवी तेथे आहे. राजाच्या घड्याळात कौशल्य आहे, पण ते दिमाखाच्या सेवेला जुंपलेले आहे.

शालेय विज्ञान प्रदर्शनात गुण देताना हे आठवावे. थर्मोकोल आणि रंगीत कागद पाहण्याआधी विद्यार्थ्याला विचारावे: तुझे उपकरण किती चुकते, आणि का? दोन्ही तालुक्यांतील शाळांनी एकाच दिवशी सपाट जमिनीवर काठी उभी करावी, तिच्याभोवती वर्तुळ काढावे आणि सावलीचे टोक सकाळी व दुपारी वर्तुळाला टेकेल त्या वेळांचा मध्य काढावा. दोन्ही गावांच्या मध्यांत पावणेदोन मिनिटांचा फरक सापडला, तर ती कारागिरी चांदीच्या नक्षीहून सरस समजावी.