मुद्दाम सादळवलेली बिस्किटे

बिस्कीट मोडताना आवाज आला पाहिजे, हा बिस्किटाबद्दलचा आमच्या पिढीचा पहिला आणि बहुधा शेवटचा नियम. आवाज आला नाही की बिस्कीट सादळले. मग घरातल्या कर्त्या बाईने डब्याचे झाकण कोणी उघडे टाकले याची चौकशी सुरू करावी, आरोपी सापडेपर्यंत सगळ्यांच्या तोंडाकडे संशयाने बघावे आणि शेवटी ती बिस्किटे तव्यावर जरा गरम करून चहाबरोबर खपवावीत, अशी रीत. पावसाळ्यात तर पापड, पोहे, काडेपेटी आणि बिस्किटे हे आमच्याकडे एकाच बाकावरचे विद्यार्थी. चौघेही एकदमच नापास व्हायचे.

अशा माणसाने मऊ बिस्किटांवर समीक्षा लिहावी का, असे कोणी विचारील. त्यावर माझे उत्तर एवढेच, की प्रयोगाला न जाता नाट्यसमीक्षा लिहिणारे थोर लोक आपल्याकडे होऊन गेले. मी निदान बिस्किटे खाल्ली आहेत. चांगले चार घाणे.

मुक्काम कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, लेकीच्या घरी. दिवस ऑक्टोबरचे. तिथे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो आणि त्याच्या आगेमागे झाडे अशी काही पेटतात, की आपण कपाळाला हात लावून बघत राहावे. लाल, केशरी, पिवळी. आमच्या सौ.ने पहिल्या दिवशी एक मेपल बघितले आणि "अगबाई, हळदीकुंकवाचं ताट सांडलंय नुसतं!" एवढे बोलून ती दहा मिनिटे गप्प राहिली. आमच्या संसारात निसर्गाला एवढी मोठी दाद पूर्वी मिळालेली नाही.

या दिवसांत तिकडच्या घराघरांतून ओव्हन पेटतात. शेजारच्या बाईंनी लेकीला एक कार्ड आणून दिले. वळणदार अक्षरात वर लिहिलेले : 'पानगळीसाठी मऊ मेपल कुकीज'. खाली साहित्य : अडीच कप मैदा, अर्धा कप लोणी, एक कप ब्राउन शुगर, अर्धा कप मेपल सिरप, एक अंडे, चमचाभर खायचा सोडा, चिमूटभर मीठ, आणि सर्वांत शेवटी, पंक्तीत उशिरा येऊन मधल्या पाटावर बसणाऱ्या पाहुण्यासारखा, एक चमचा मेपल एसेन्स.

आता साहित्यकृतीचे परीक्षण करताना आधी शीर्षक तपासावे असे म्हणतात. हे शीर्षक फार धाडसी आहे. त्यातला 'मऊ' हा शब्द तेवढा निखालस खरा.

मऊपणासाठी या लोकांनी जे केले आहे, त्याला माझा नमस्कार. कार्डावर लिहिले होते, 350 अंश फॅरनहाइटला दहा मिनिटे भाजा आणि कडा बदामी झाल्या पण मधला भाग कच्चा वाटला की बाहेर काढा. कच्चा वाटला की बाहेर काढा! आमच्या आईच्या राज्यात कच्चे राहिलेले काही ताटात पडले असते तर करणारी आणि खाणारा दोघांचीही धडगत नव्हती. पण याला शास्त्र आहे. बाहेर काढल्यावरही तापलेला पत्रा पाच मिनिटे आपले काम करीत असतो आणि मधला भाग तेवढ्यात शिजतो. ब्राउन शुगर आणि सिरप ओलावा धरून ठेवतात. सगळी पांढरी साखर घातली तर तेच बिस्कीट कडक होते. पीठ तासभर फ्रीजमध्ये ठेवले की लोणी घट्ट होते आणि गोळे ओव्हनमध्ये पसरून त्यांच्या पोळ्या होत नाहीत.

इथपर्यंत ठीक. पुढची सूचना अशी, की कुकीज डब्यात भरताना त्यांच्यावर पावाची एक स्लाइस ठेवावी. दुसऱ्या दिवशी पाव वाळून खडखडीत होतो आणि कुकीज मऊ राहतात, कारण पावातले पाणी त्या ओढून घेतात. सौ.ने ही सूचना दोनदा वाचून घेतली.

"म्हणजे पैसे देऊन सादळवायची?" ती म्हणाली.

"आई, सादळलेली नव्हे गं, सॉफ्ट!" लेक म्हणाली.

"तेच ते. आमच्याकडे त्याला पाव लागत नाही. जुलै पुरतो."

पण विनोद बाजूला ठेवून सांगायचे, तर हा मऊपणा वेगळा. सादळलेले बिस्कीट चिवट आणि उदास लागते. ही कुकी मोडली की आवाज न करता शांतपणे दोन भाग होतात, कडेला जरा दाताला लागते आणि आत ओलसर राहते. नानकटाईचे रव्याच्या वडीशी लग्न लावले तर त्यांचे पहिले अपत्य असे निघेल. मऊपणाला पैकीच्या पैकी गुण.

वाद आहे तो मेपलचा. त्यासाठी मेपल सिरप म्हणजे काय ते थोडे सांगायला हवे. हिवाळा सरताना, मार्च-एप्रिलच्या सुमाराला, रात्री पाणी गोठते आणि दिवसा वितळते असे काही आठवडे येतात. तेव्हाच मेपलच्या खोडाला भोक पाडून रस काढतात. रस कसला, पाणीच ते. साखर शेकडा दोनच्या आसपास. ते आटवीत बसायचे. साधारण चाळीस लिटर रसाचे एक लिटर सिरप होते. म्हणजे आमच्या कार्डावरच्या अर्ध्या कपासाठी झाडाने पावणेपाच लिटर रस दिला. युरोपातले लोक यायच्या आधीपासून तिथले मूळचे रहिवासी हे करीत आले आहेत. वर्णन ऐकताना मला सारखे आपले गुऱ्हाळच दिसत होते : तीच कढई, तीच वाफ, भोवती तीच आशाळभूत पोरे. गरम सिरप बर्फावर ओतून काडीला गुंडाळून खातात, एवढाच फरक. सौ.ने पहिला चमचा चाटून, "काकवीची श्रीमंत घरात दिलेली बहीण आहे ही," असा निकाल दिला.

श्रीमंत हे खरेच. जगातल्या मेपल सिरपपैकी बराच मोठा वाटा एकट्या क्युबेक प्रांतात होतो आणि तिथे पिंपेच्या पिंपे भरून त्याचा राखीव साठा ठेवतात. त्या साठ्यातून 2011-12 मध्ये सुमारे तीन हजार टन सिरप चोरीला गेले. काही पिंपांत चोरांनी पाणी भरून ठेवले होते. आपल्याकडच्या गवळ्यांनी हे वाचून नुसते स्मित केले असते. पण ज्याच्यासाठी दरोडे पडतात, असा हा पदार्थ.

एवढे खानदानी सिरप अर्धा कप ओतले, वरून कार्डाच्या आज्ञेप्रमाणे एसेन्सची बाटली उघडली आणि सौ. जागच्या जागी थबकली. बाटली नाकाशी नेली. पुन्हा नेली. मग लेकीला म्हणाली, "अगं, हा बाळंतिणीच्या खोलीचा वास आहे!"

आम्ही चश्मा लावून बाटलीवरचे बारीक अक्षर वाचले. मेथीचा अर्क!

वाचकहो, यात थट्टा नाही. मेथीच्या दाण्यात सोटोलॉन नावाचे एक द्रव्य असते. मेपल सिरपच्या वासातही तेच असते. त्यामुळे बनावट मेपल स्वाद करणाऱ्यांनी मेथीला फार पूर्वीच कामाला लावले आहे. भरपूर मेथी खाणाऱ्याच्या घामालाही हा वास येतो. न्यूयॉर्क शहरात तर 2005 सालच्या ऑक्टोबरात एका रात्री मॅनहॅटनभर मेपल सिरपचा वास सुटला. लोक घाबरले, फोनाफोनी झाली, विषारी वायू तर नाही ना म्हणून तपास झाला. पुढे अधूनमधून तो वास येतच राहिला. अखेर 2009 च्या फेब्रुवारीत महापौर ब्लूमबर्ग यांनी उलगडा जाहीर केला : नदीपलीकडे न्यू जर्सीत स्वादद्रव्यांचा एक कारखाना मेथीदाण्यांवर प्रक्रिया करीत होता. सव्वातीन वर्षे एवढ्या मोठ्या शहराला जे कोडे सुटले नाही, ते सदाशिव पेठेतल्या कुठल्याही सुईणीने नाक वर करून अर्ध्या मिनिटात सोडवले असते.

माझा आक्षेप मेथीवर नाही. मेथीचा मी आजन्म भक्त आहे. आक्षेप आहे तो जाहिरातीत मोठ्या नटाचे नाव छापून रंगमंचावर दुसराच माणूस उभा करण्यावर. कॅनडात मेपल सिरप हे नाव फक्त झाडाच्या रसापासून केलेल्या सिरपालाच लावता येते, असा कायदा आहे. 'मेपल स्वादाचे' म्हटले की मात्र सगळे मोकळे. 'आंब्याच्या स्वादाची' गोळी आणि आंबा यांच्यात जे अंतर, तेच इथे. त्या एका 'स्वादाचे'मध्ये केवढे जग मावते!

म्हणून दुसरा घाणा आम्ही एसेन्सशिवाय काढला. अस्सल सिरप, पुरता अर्धा कप. कुकीज दिसायला सुरेख झाल्या. नात शाळेतून आली. वय वर्षे आठ, जन्म तिथलाच, मराठी समजते पण बोलताना क्रियापद शोधावे लागते. तिने एक खाल्ली आणि शांतपणे म्हणाली, "आजोबा, यात मेपल नाही आहे."

मी तिला बाटली दाखवली. झाडाचे चित्र दाखवले. ती म्हणाली, "हो, पण मेपल नाही आहे."

इथे मात्र मला हसू येईना. कारण ती खोटे बोलत नव्हती. ओव्हनच्या उष्णतेत सिरपचा नाजूक वास बराचसा उडून जातो आणि मागे उरतो तो गोडवा. पण मुख्य म्हणजे मेपल म्हणजे काय, हे त्या जिभेला बाटलीने शिकवले होते. लाल पानांच्या झाडाखाली रोज शाळेची बस पकडणारी पोरगी, आणि त्या झाडाचा रस तोंडात आला तर ओळखत नाही. इकडे पुण्यात तरी काय वेगळे आहे म्हणा. आमरसात हापूस कमी लागतो अशी तक्रार बाटलीतले आंबापेय पिऊन वाढलेल्या मुलाकडून मी स्वतः ऐकली आहे. नकली वस्तू एकदा जिभेवर बसली, की असली वस्तूच तिची पुचाट नक्कल वाटू लागते.

सौ.ने हे आव्हान म्हणून घेतले. सिरपच्या रंगावरून चार प्रती असतात, फिक्या सोनेरीपासून पार काळपट तांबूसपर्यंत. हंगामाच्या शेवटी निघणारे सिरप गडद आणि चवीला ठसठशीत. दुकानदार फिके सिरप पुढे करतो, पण भाजण्याच्या कामाला गडदच हवे. तिसऱ्या घाण्याला ते आणले. चौथ्याला सौ.ने ते आधी निम्मे होईपर्यंत आटवून घेतले, आणि कुकीज गार झाल्यावर वरून कच्च्या सिरपात पिठीसाखर कालवून त्याचा पातळ थर दिला. हा थर भट्टीचे तोंड बघत नाही, त्यामुळे त्याचा वास शाबूत राहतो. ही चौथी कुकी म्हणजे त्या कार्डाची शुद्धिपत्रासह दुसरी आवृत्ती. लाकडाचा, धुराचा, जरासा व्हॅनिलाचा असा मागून येणारा वास. शेजारच्या बाईंनी दोन खाल्ल्या आणि कार्ड परत मागून घेऊन त्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिले. समीक्षेचा लेखकावर परिणाम झाल्याचे माझ्या पाहण्यातले हे एकमेव उदाहरण.

राहिली पानगळ. सिरप मार्चचे, आणि कुकीज ऑक्टोबरच्या. मेपलच्या पानात चव नाही. तरी दुकानात पानाच्या आकाराची मेपल बिस्किटे ढिगाने मिळतात. उसाच्या पाचटाच्या आकाराचा गूळ करण्यासारखेच हे. 15 फेब्रुवारी 1965 पासून ते पान देशाच्या झेंड्यावर बसले आहे, तेव्हा त्याच्याविरुद्ध पाहुण्याने फार बोलू नये. आणि झाडाच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पानाचा तो लाल रंग चढायला पानात अडकलेली साखर कारण होते, आणि याच दिवसांत झाड पुढच्या मार्चची शिदोरी खोडात-मुळांत भरून ठेवीत असते. तेव्हा शीर्षक अगदीच खोटे नाही, फक्त पाच महिने आधी लिहिलेले आहे. शिवाय बाहेर चार अंश असताना ओव्हनसमोर उभे राहण्यात जे सुख आहे, त्याला मेपल काय आणि रताळे काय, सारखेच.

नातीचे मत? चौथ्या घाण्यातल्या तीन तिने खाल्ल्या. "हे पण चांगलं आहे," म्हणाली. या 'पण'वर सौ. दोन दिवस विचार करीत होती.

तिसऱ्या दिवशी थंडीसाठी म्हणून तिने मेथीचे लाडू करायला घेतले. दाणे कढईत तांबूस भाजले. दुपारी दार उघडले, दप्तर पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ नातीची आनंदाची आरोळी, "आजी! आज मेपल कुकीज!" ती धावत आत आली, ताटलीतला लाडू उचलला आणि तोंडात टाकला.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पाणी मागून घेतले आणि म्हणाली, "आजी, तुझं मेपल कडू झालं."