इंटर्नशिपमुळे सैनिक सावरतो, की सावरलेल्यालाच इंटर्नशिप मिळते?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याची 'ऑपरेशन वॉरफायटर' नावाची योजना आहे. जखमी किंवा आजारी सैनिक उपचार चालू असतानाच केंद्र सरकारच्या एखाद्या कार्यालयात इंटर्नशिप करतो. वेगळं मानधन नाही, लष्कराचा पगार चालूच असतो. कार्यालयाला फुकट माणूस मिळतो, सैनिकाला लष्कराबाहेरच्या कामाचा अनुभव.

कल्पना मला आवडते. २००७ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या सैनिकांचे हाल छापले, तेव्हा बुरशी लागलेल्या खोल्यांइतकंच कागदपत्रांच्या फेऱ्यात अडकून वाट बघत बसणंही लोकांना खटकलं होतं. सेवेत ठेवायचं की नाही हे मंडळ ठरवेपर्यंत माणूस ना धड सैनिक, ना धड नागरिक. त्या काळात रोज सकाळी कुठेतरी जायला मिळणं ही लहान गोष्ट नाही.

माझी तक्रार पुराव्याबद्दल आहे. अशा योजनांच्या बाजूने बहुतेक वेळा यशोगाथा पुढे केल्या जातात: अमुक सैनिकाने इंटर्नशिप केली, त्याला नोकरी लागली. पण इंटर्नशिपला जायला डॉक्टरांची परवानगी लागते, वरिष्ठांची लागते, आणि मुळात स्वतःची इच्छा लागते. म्हणजे तीन चाळण्या झाल्या! त्यातून खाली उतरलेला माणूस आधीच इतरांपेक्षा बरा असण्याची शक्यता जास्त. त्याची तुलना न गेलेल्यांशी केली, तर आपण इंटर्नशिप मोजतोय की चाळणी?

दुसरी भानगड वेळेची, आणि ती जास्त फसवी आहे. समजा एकाचे उपचार सहा आठवड्यांत आटोपले आणि तो आपल्या तुकडीत परतला. त्याला इंटर्नशिपची संधीच आली नाही. दुसऱ्याचे दीड वर्ष चालले, त्याला भरपूर वेळ मिळाला. तिसऱ्याची तब्येत रुजू होण्याच्या आधीच बिघडली, तो आपोआप 'न केलेल्यां'त गेला. म्हणजे तुलनेच्या गटात किरकोळ जखमीही आहेत आणि सगळ्यात वाईट अवस्थेतलेही. फरक कुठल्या दिशेने चुकेल, हे आकडे बघून कळणार नाही. जखमेच्या दिवसापासून मोजायला लागलात, तर रुजू होईपर्यंत टिकून राहिलेला काळही इंटर्नशिपच्या खात्यावर जमा होतो. याला 'इमॉर्टल टाइम बायस' म्हणतात. नाव भारी आहे, पण चूक अगदी साधी, आणि थीसिसमध्ये सर्रास सापडते.

"मग सैनिकांवर काय चिठ्ठ्या टाकायच्या?" असं कुणी विचारेल. टाकल्या गेल्यात की! सेवा सोडलेल्या, पीटीएसडी असलेल्या ५४१ माजी सैनिकांवर तिथल्या १२ सरकारी वैद्यकीय केंद्रांत असा प्रयोग झाला. निष्कर्ष २०१८ मध्ये 'जामा सायकिअ‍ॅट्री'त आले. एका गटाला थेट खुल्या बाजारातली नोकरी शोधून द्यायला मदत केली, दुसऱ्याला आधी तात्पुरतं, सावरण्यापुरतं काम दिलं. अठरा महिन्यांपैकी निम्मा काळ तरी खुल्या बाजारातल्या नोकरीत टिकलेले पहिल्या गटात ३८.७ टक्के निघाले, दुसऱ्यात २३.३. म्हणजे 'आधी पायरी, मग नोकरी' ही आपल्याला इतकी पटणारी गोष्टच मागे पडली. हे निष्कर्ष इंटर्नशिपवर जसेच्या तसे लावू नका. ते तात्पुरतं काम पगारी होतं आणि माणसं लष्कराबाहेर पडलेली होती. पण तुलना कुणाशी करायची, हे या प्रयोगाकडून नक्की शिकता येतं.

यश कशाला म्हणायचं, हाही घोळ आहेच. बरा होऊन सीमेवर परतलेला सैनिक 'नोकरी मिळाली' या रकान्यात बसत नाही. तो अपयशी का?

हे सगळं अमेरिकेपुरतं नाही. खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी ही संस्था १९१७ ची, म्हणजे पहिल्या महायुद्धातली. पुण्यातल्या कुणाला या विषयावर काम करायचं असेल तर प्रशिक्षणाचे दाखले मोजायला लगेच बसू नका. आधी प्रत्येकाच्या तीन तारखा मागा: जखम कधी झाली, उपचार कधी संपले, वर्गात नाव कधी घातलं. आणि अर्ज करून आलेच नाहीत, त्यांची यादी कुठे ठेवलीय तेही विचारा.