मोटारींतील दोन वाटाडे

साहित्याच्या मासिकांत रस्त्यांच्या नकाशांचें परीक्षण यावें, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. कादंबरी नाहीं, काव्य नाहीं, नाटक नाहीं. आणि टीकेला विषय काय, तर मोटारीच्या कप्प्यांत चष्म्याच्या डबीशेजारीं पडून असलेलें नकाशांचें एक जाड पुस्तक! परंतु जें वाचलें जातें आणि ज्याच्या वाचनानें माणसाच्या हातून कांहीं घडतें वा बिघडतें, तें सारें टीकेच्या कक्षेंत येतें, असें आम्ही मानतों. आज मोटार बाळगणाऱ्या कुटुंबापुढें एकाच विषयावरील दोन ग्रंथ आहेत: एक कागदाचा रोड अ‍ॅटलस, दुसरा उपग्रहांच्या आधारानें चालणारा मोबाईलवरचा नकाशा. पहिला बहुतेकांनीं रद्दींत घातला आहे. तो घालूं नये असें आमचें मत आहे. पण तो ठेवण्याचीं जीं कारणें लोक सांगतात, तीं आम्हांस फारशीं पटत नाहींत.

लोक म्हणतात, रेंज गेली म्हणजे कागद कामास येतो. हें अर्धेंच खरें आहे. उपग्रहांचे संदेश सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून येतात आणि त्यांस मोबाईलच्या मनोऱ्याची गरज नसते. चार उपग्रहांचे संदेश मिळाले, कीं यंत्र आपलें स्थान काढतें. रेंजअभावीं नाहींसा होतो तो पडद्यावरचा नकाशा, आणि तो घरूनच उतरवून घेतला असेल तर तोही होत नाहीं. तेव्हां देवलापारच्या जंगलांत अ‍ॅटलस उघडून, यंत्राचा पाडाव झाला म्हणून आनंद मानणारे आमचे स्नेही थोडे उतावीळ आहेत.

अ‍ॅटलसाचे दोषही लपविण्यासारखे नाहींत. आमच्यापाशीं असलेली प्रत 2006 सालची. तींत आमच्या कामठीवरून कन्हान ओलांडून मनसर, देवलापार, खवासा असा उत्तरेस जाणारा महामार्ग 7 क्रमांकाचा आहे. 2010 सालीं देशांतील राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. 7 चा 44 झाला आणि नागपुरास त्याला छेदणाऱ्या 6 चा 53 झाला. कामठींतील वडीलधारी मंडळी अजून ‘सात नंबर’च म्हणतात, त्यामुळें आमची प्रत त्यांच्याशीं एकमतानें नांदते, परंतु रस्त्यावरील फलक दोघांशींही सहमत नाहीं. नागपुराहून कामठीकडे येणाऱ्या रस्त्यावर 2024 सालीं दुमजली उड्डाणपूल खुला झाला, आणि गड्डीगोदामापाशीं रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल व मेट्रो अशा चार वाटा एकावर एक आल्या. बिचाऱ्या अ‍ॅटलसास यांतील दोनच ठाऊक. (पडद्यावरच्या नकाशास चारही ठाऊक आहेत, आपण पुलावर आहों कीं पुलाखालीं, एवढेंच त्यास कधीं कधीं उमगत नाहीं. उपग्रहांवरून उंची काढण्याचें काम आडव्या स्थानाइतकें नेमकें साधत नाहीं, हें त्याचें कारण.) आणखी एक तक्रार आम्हां कामठीकरांची खास आहे. 1821 सालीं छावणी म्हणून वसलेलें हें गांव आमच्या प्रतींत नागपुराच्या ठळक अक्षरांखालीं असें दडपलें आहे, कीं भिंग घेतल्यावांचून सांपडत नाहीं. एका सेंटीमीटरांत पंधरा किलोमीटर मावविणाऱ्या ग्रंथाकडून शेजारधर्माची अपेक्षा तरी किती करावी!

असो. हे दोष नव्या आवृत्तीनें सुधारणारे आहेत. आम्हांस विचार करावयाचा आहे तो दोन्ही ग्रंथांच्या भाषेचा, आणि तेथें भेद मुळांतलाच आहे. मराठी व्याकरणांत क्रियापदांचे अर्थ सांगतात: जें आहे तें नुसतें सांगणारा स्वार्थ, हुकूम करणारा आज्ञार्थ, ‘असें करावें’ म्हणणारा विध्यर्थ, आणि ‘जर-तर’चा संकेतार्थ. अ‍ॅटलस सर्वस्वीं स्वार्थांत बोलतो. येथें रामटेक आहे, येथें नदी आहे, येथून एक बारीक रस्ता निघतो. पुढें काय करावयाचें तें तुम्ही पाहा. उलट मोबाईलमधील आवाज सर्वस्वीं आज्ञार्थांत बोलतो. दोनशे मीटरवर उजवीकडे वळा, सरळ जा. त्याच्यापाशीं ‘जर पाऊस झाला असेल तर’ हें वाक्यच नाहीं. गर्दी मात्र त्यास आधीं कळते, हें कबूल केलें पाहिजे, आणि अनोळखी शहरांत रात्रीं रुग्णालय शोधण्याची वेळ आली तर आम्हीही त्या आवाजासच शरण जाऊं. आज्ञा चांगली असेल तोंवर आज्ञाधारकपणांत वाईट कांहींच नाहीं.

पण आज्ञा चुकली म्हणजे काय होतें, याचीं उदाहरणें दूर जाऊन शोधावीं लागत नाहींत. जानेवारी 2021 मध्यें कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्रींच्या वेळीं अकोले तालुक्यांत कोतूळजवळ धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या पुलावर गेली. दोघे वांचले, चालक बुडाला. नोव्हेंबर 2024 मध्यें उत्तर प्रदेशांत बरेली व बदायूं यांच्या दरम्यान रामगंगेवरील तुटक्या पुलावरून मोटार खालीं पडली आणि तीन माणसें दगावलीं. त्या पुलाचा भाग पूर्वींच पुरानें वाहून गेला होता. दोन्ही वेळीं वाट मोबाईलच्या नकाशानें दाखविली होती. या दोन घटनांवरून कागदाचा जयजयकार करणारे लेख आम्हीं वाचले आहेत, आणि ते आम्हांस अप्रामाणिक वाटतात. कोतूळचा तो पूल कोणत्याही छापील नकाशांत रस्ता म्हणूनच दिसला असता. धरणाचें पाणी केव्हां चढतें व केव्हां उतरतें हें अ‍ॅटलसाच्या छापखान्यास कसें कळावें? अज्ञान दोघांचेंही सारखेंच. फरक इतकाच, कीं अ‍ॅटलसानें निळी रेघ आणि तांबडी रेघ एकमेकींस छेदतांना दाखविली असती आणि तो गप्प बसला असता. त्या गप्प बसण्यांत वाचणाऱ्यास एक प्रश्न सुचण्यापुरती जागा असते.

हें आम्ही पुस्तकी तर्कानें लिहीत नाहीं. मागील पावसाळ्यांत एका आप्तांच्या अंत्यदर्शनास कामठीहून भंडारा जिल्ह्यांत मोहाडी तालुक्यांतील एका गांवीं जाण्याचा प्रसंग आला. निरोप उशिरां आलेला, दिवस कलत चाललेला. मौद्याच्या पुढें मोबाईलनें महामार्ग सोडावयास सांगितलें. वीस मिनिटें वांचत होतीं, आणि त्या दिवशीं वीस मिनिटांना मोल होतें. आम्ही वळलों. शेजारीं बसलेल्या सौभाग्यवतींनीं अ‍ॅटलस मांडीवर घेतला होता, तो आवडीनें नव्हे. रडूं आवरण्यासाठीं हातांना कांहीं तरी काम हवें होतें. त्या म्हणाल्या, “अहो, पुढें सूर नदी आडवी आहे. पूल आहे का नुसता रपटा, कुणास विचारूं या.” पडद्यावर नदी नव्हती असें नाहीं, पण वाहन चालवितांना पडदा आपल्यापुढचा हातभर मुलूखच मोठा करून दाखवितो, आणि त्या हातभर मुलुखांत नदी अजून आली नव्हती. चहाच्या टपरीवर बसलेला एक म्हातारा आम्हीं विचारण्यापूर्वींच हात हलवीत उठला. “रपट्यावरून पानी चाललं जी. मांगं फिरा.” आम्ही मागें फिरलों. पोहोंचलों तेव्हां मंडळी घाटावर गेली होती. मुखदर्शन झालें नाहीं. त्याची रुखरुख सौभाग्यवतींस अजून आहे, आणि आम्हांस ती बोलून दाखवितां येत नाहीं.

त्या दिवशीं आम्हांस वांचविलें तें कागदानें नव्हे, म्हाताऱ्यानें. परंतु म्हाताऱ्यास विचारण्याची बुद्धि कागदानें दिली. शिवाय अ‍ॅटलस वाचावयास मोटारींत दुसरें माणूस जागें असावें लागतें. यास कोणी गैरसोय म्हणेल. आम्हीं तिला त्या दिवसापासून गैरसोय म्हणणें सोडलें आहे.

वाटेचें वर्णन हुकुमाखेरीज करण्याची परंपरा आपल्या भाषेंत जुनी आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकांतील मानतात. चक्रधरस्वामी जेथें जेथें राहिले तीं स्थानें तींत नोंदलीं आहेत: गांवाच्या कोणत्या दिशेस कोणतें देऊळ, त्यापासून पुढें काय. रामटेकास निघालेले चक्रधर वाटेंत ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंस भेटले, तो हा आमचाच वऱ्हाड-नागपूरचा मुलूख. त्या पोथींत ‘उजवीकडे वळा’ नाहीं. पूर्व आहे, पश्चिम आहे, आणि पायीं चालणाऱ्या माणसावर पूर्ण विश्वास आहे. पडद्यावरच्या नकाशानें या दिशाच घालविल्या. मोटार जिकडे तोंड करील तिकडे वर. प्रवाशाभोंवतीं जग फिरतें. ज्या मुलुखांत दिशा मोजण्याकरितां माणसांनीं आयुष्यें वेंचलीं तेथें ही सोय थोडी बोंचते. विल्यम लॅम्ब्टन यानें 1802 सालीं मद्रासेस आरंभिलेली मोजणी करीत करीत तो 1823 च्या जानेवारींत हिंगणघाटास वारला. त्याची कबर तेथेंच आहे. आमच्या कामठीच्याच महामार्गानें दक्षिणेस गेलें, तर नागपुराचा झिरो माइल स्तंभ ओलांडून तेथें पोहोंचतां येतें. त्या स्तंभापाशींच्या दगडावर हैदराबाद, जबलपूर, शिवनी, बैतूल यांचीं अंतरें मैलांत कोरलीं आहेत. दगड हलत नाहीं, म्हणूनच आपण कोठें आहों हें तो सांगूं शकतो.

आतां मागणी कोणाकडे करावयाची? आमच्या हातीं आजवर आलेले सारे रोड अ‍ॅटलस इंग्रजींत आहेत, आणि रोमन अक्षरांत आपल्या गांवांचीं नांवें अशीं कांहीं पोषाख बदलून येतात, कीं गांवकऱ्यानेंच आपलें गांव ओळखूं नये. कामठीचेंही स्पेलिंग दोन परींचें आढळतें. एखाद्या मराठी प्रकाशकानें जिल्हावार नकाशांचें पुस्तक काढावें. त्यांत पूल वेगळ्या खुणेनें आणि रपटे वेगळ्या खुणेनें दाखवावे, धरणाच्या फुगवट्याखालीं जाणारे रस्ते तुटक रेघेनें काढावे, समृद्धि महामार्ग असावा, आणि महामार्गाचा नवा क्रमांक देऊन जुना कंसांत ठेवावा. समासही मोठे असावेत. आमच्या 2006 च्या प्रतींत समास इतके अरुंद आहेत, कीं नागपूर-भंडाऱ्याच्या पानावर पेन्सिलीनें ‘सूर, रपटा. पावसाळ्यांत विचारावें.’ एवढें लिहितांना सौभाग्यवतींस शेवटचा शब्द उभा लिहावा लागला.